तापल्या तारेवर उगवणारा धातू

एखादी वस्तू शुद्ध करायची म्हणजे तिच्यातली घाण काढून टाकायची, असे आपण सगळेच धरून चालतो. घरी सुपात तूर पाखडली की फोलपटे उडून जातात आणि दाणे सुपात राहतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो. गुऱ्हाळावर उसाच्या रसात भेंडीचा चीक टाकतात, मळी वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. सोनार मुशीत सोने वितळवतो, वर सवागी टाकतो आणि मळ सवागीत उतरतो. या सर्व कामांत एक गोष्ट सारखी आहे. माल जागच्या जागी राहतो आणि घाण हलते.

आज ज्या धातूंविषयी मी बोलणार आहे, त्यांच्यापुढे या साऱ्या युक्त्या थकल्या. तेव्हा शास्त्रज्ञांनी कामच उलटे केले. घाण जागच्या जागी ठेवली आणि धातूलाच तिथून उठवून दुसरीकडे नेले, आणि तेही वाफेच्या रूपाने.

हे धातू म्हणजे टंगस्टन, टँटलम, मॉलिब्डेनम, हाफ्नियम, झिर्कोनियम आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी आणखी काही. शास्त्राच्या भाषेत त्यांना उच्चतापसह धातू म्हणतात. लोखंड १५३८ अंश सेंटिग्रेडला वितळते. झिर्कोनियमला १८५५ अंश लागतात, हाफ्नियमला २२३३ आणि टंगस्टनला तर ३४२२ अंश. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळते. त्याला आणि झिर्कोनियमला या यादीत घ्यावे की नाही, यावर पंडितांचे एकमत नाही. आपल्याला त्या वादाशी कर्तव्य नाही, कारण शुद्धीकरणाची अडचण दोघांचीही तीच आहे.

अडचण नुसत्या उष्णतेची नाही. भट्टी पेटवून तितकी उष्णता आणता येईल. पण तापलेले झिर्कोनियम हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू अधाशासारखे पिऊन घेते, आणि एकदा पोटात गेलेला प्राणवायू काही केल्या परत देत नाही. मातीच्या मुशीत वितळवावे, तर मुशीच्या मातीतलाही प्राणवायू ते ओढून घेते. कोळशाच्या मुशीत घातले तर कोळसा खाते. म्हणजे ज्या भांड्यात शुद्ध करायला ठेवावे, त्या भांड्यानेच ते अधिक घाण होते! वाटेल ते करा, शंभर भागांत एखादा भाग प्राणवायू राहतोच. आता तुम्ही म्हणाल, शंभरात एक म्हणजे काय मोठेसे? पण तेवढ्यानेच हा धातू फुटक्या कौलासारखा ठिसूळ होतो. हातोडा मारला की तुकडे. त्याचा पत्रा होत नाही, तार होत नाही, नळी तर दूरच राहिली.

झिर्कोनियमचे नाव कानाला परके वाटेल, पण ते आपल्या बाजारात येऊन बसलेले आहे. कारंज्याच्या किंवा रिसोडच्या सराफाकडे चमकीत, कानातल्यांत जो अमेरिकन डायमंडचा खडा मिळतो, तो खरा असला, नुसती काच नसली, तर तो झिर्कोनियम आणि प्राणवायू यांचे संयुग असतो. बर्लिनच्या क्लाप्रोट नावाच्या रसायनज्ञाने १७८९ साली सिलोनहून आलेल्या झिर्कॉन खड्यात हे नवे मूलद्रव्य ओळखले. पुढे १८२४ साली स्वीडनच्या बर्झेलियसने ते धातुरूपात वेगळे केले. पण हाती आली ती काळपट भुकटी, आणि तीही अशुद्ध. तेव्हापासून पुढची शंभर वर्षे झिर्कोनियम हा एक ठिसूळ, निरुपयोगी धातू आहे असेच पुष्कळांचे मत राहिले. तो त्याचा स्वभाव नसून त्याच्या पोटातल्या घाणीचा दोष आहे, हे कळायला १९२५ साल उजाडावे लागले.

त्या साली हॉलंडमध्ये आइंडहोवन गावी व्हॅन आर्केल आणि द बूर या दोघा शास्त्रज्ञांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. दोघेही फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. ज्या फिलिप्सचे रेडिओ पुढे आपल्या गावोगावच्या ओट्यांवर वाजले, तीच ही कंपनी. विजेचे दिवे हा तिचा मूळ धंदा, म्हणून दिव्याच्या तारेसाठी लवकर न वितळणारे धातू तिला हवे होते. आपल्याकडे बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत अनेक वर्षे या पद्धतीवर एक-दोन ओळी असत आणि मुले त्या पाठ करून परीक्षेत लिहीत. एवढ्या चतुर युक्तीची दोन ओळींत बोळवण व्हावी, हे मला नेहमीच खटकत आले आहे. म्हणून जरा सावकाश पाहू.

एक बंद भांडे घ्या. त्यातली हवा पंपाने काढून ते निर्वात केलेले आहे. भांड्याच्या कडेने अशुद्ध झिर्कोनियमचे तुकडे भरलेले आहेत. मधोमध टंगस्टनची एक बारीक तार, केसांच्या आकड्यासारखी वाकवून लोंबकळत ठेवलेली आहे, आणि तिची दोन टोके विजेला जोडलेली आहेत. आता भांड्यात थोडे आयोडीन सोडायचे. आयोडीन म्हणजे तेच, जे टिंक्चर म्हणून दवाखान्यात जखमेला लावतात आणि जे मिठात घातलेले असते. भांडे अडीचशे ते तीनशे अंशांपर्यंत तापवले की आयोडीन त्या तुकड्यांना भिडते. एका झिर्कोनियमला चार आयोडीन असे ते जोडले जातात आणि जे संयुग होते, ते त्या उष्णतेला वाफ होऊन भांडेभर पसरते. मधली तार विजेने तेराशे-चौदाशे अंशांपर्यंत लाल-पिवळी तापलेली असते. वाफ त्या तारेला लागली की एवढ्या उष्णतेत जोडी टिकत नाही. आयोडीनचा हात सुटतो, झिर्कोनियम तारेवर बसते आणि मोकळे झालेले आयोडीन पुन्हा कडेच्या तुकड्यांकडे जाते, नवे झिर्कोनियम आणायला.

पावसाळ्यात पैनगंगेला पाणी असताना एखादा नावाडी माणसे पलीकडे नेतो, रिकामी नाव घेऊन परततो आणि पुन्हा भरून नेतो. नाव एकच, पण दिवसभरात सारे गाव पलीकडे जाते. आयोडीनचे तसेच आहे. ते खर्च होत नाही, म्हणून थोडेसे पुरते. मात्र हा नावाडी मोठा निवडक आहे. प्राणवायू, नत्रवायू आणि कोळसा यांना तो नावेत घेत नाही. प्राणवायूने जे झिर्कोनियम घट्ट धरून ठेवले आहे, ते सोडवून आणण्याइतका जोरही त्याच्यात नाही. लोखंडासारखे काही धातू आयोडीनशी जुळतात, पण एवढ्याशा उष्णतेला त्यांच्या संयुगाची वाफ फारशी होत नाही. तेही अलीकडच्या काठावरच राहतात.

इथे शिक्षक बंधुभगिनींनी एका गोष्टीकडे मुलांचे लक्ष जरूर वेधावे. आपल्या सर्व अनुभवात वाफ बसते ती थंड जागी. वरणाच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब येतात, कारण झाकण थंड असते. शाळेच्या प्रयोगशाळेत आयोडीनचे स्फटिक असतील, तर परीक्षानळीत दोन-चार कण घालून, तोंडाशी कापसाचा बोळा लावून, हलकेच ऊब द्यावी. सुंदर जांभळी वाफ उठते आणि नळीच्या वरच्या, गार भागावर पुन्हा काळे चमकदार कण बसतात. (वाफ नाकातोंडात जाऊ देऊ नये, ती बाधते.) पण व्हॅन आर्केलच्या भांड्यात धातू बसतो तो सर्वांत तापलेल्या जागी! कारण हे नुसते वाफेचे गारठणे नाही. मध्यम उष्णतेला जुळणारे आणि प्रखर उष्णतेला मोडणारे एक संयुग इथे मध्यस्थ आहे. गारठ्याने बसणारी वाफ वेगळी आणि रसायनक्रियेने मोडून बसणारी वाफ वेगळी. या दुसऱ्या प्रकाराला पुढे रासायनिक बाष्पनिक्षेपण असे भारदस्त नाव मिळाले. ही कल्पना अगदी नवी होती असेही नाही. लुडविग मॉण्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८९० साली निकेलला कार्बन मोनॉक्साइड वायूवर बसवून असेच वाफ करून नेले होते. पण निकेल हा मवाळ धातू आहे. झिर्कोनियमला वठणीवर आणले ते आयोडीननेच.

तार हळूहळू जाड होत जाते. जसजशी ती जाड होते तसतसा तिचा विजेला होणारा विरोध कमी होतो, म्हणून तापमान टिकवायला विजेचा प्रवाह वाढवीत न्यावा लागतो. तासामागून तास हे चालते. शेवटी त्या केसाएवढ्या तारेची बोटाएवढी जाड कांब झालेली असते आणि तिच्यावर खडीसाखरेसारखे लखलखते स्फटिक दिसतात. पुढे टंगस्टनऐवजी झिर्कोनियमचीच तार घेऊ लागले, म्हणजे गाभ्यात परका धातू उरू नये. या कांबीला इंग्रजीत क्रिस्टल बार म्हणतात. ती हातोड्याखाली धरली आणि शंभर वर्षांचा समज खोटा ठरला. ती फुटली नाही. ती चपटी झाली. थंडच वाकवता येते, तिचा पत्रा लाटता येतो. टायटॅनियमचेही असेच झाले.

हा जो आयोडीनचा खेळ आहे, तो रात्रीच्या नांगरटीला निघालेल्या पुष्कळ ट्रॅक्टरांच्या तोंडावरही चाललेला असतो. जुना साधा बल्ब वापरून वापरून आतून काळवंडलेला तुम्ही पाहिला असेल. तो काळेपणा धुराचा नव्हे. तारेतले टंगस्टन उडून गार काचेवर बसलेले असते. १९५९ च्या सुमारास अमेरिकेत बल्बमध्ये चिमूटभर आयोडीन घालण्याची युक्ती निघाली. उडालेले टंगस्टन काचेजवळ आयोडीनशी जुळते, काचेवर न चिकटता वाफेतच राहते आणि तापल्या तारेशी आले की मोडून पुन्हा तारेवर बसते. पुढे आयोडीनच्या जागी बहुधा ब्रोमीन आले. हाच हॅलोजन बल्ब. मग ही तार कधीच का तुटू नये? कारण टंगस्टन परत येते ते जिथून गेले नेमके तिथे येत नाही. बारीक झालेला भाग बारीकच राहतो आणि एक दिवस तिथेच तुटतो. जाता जाता सांगतो, हा बल्ब बसवताना काचेला उघडे बोट लावू नये. बोटाचा तेलकट डाग तापून त्या जागी काच बिघडते.

आता प्रश्न असा की, असा तासन् तास विजेवर तापवून केलेला महागडा धातू हवा कोणाला? बरीच वर्षे तो कोणालाच फारसा नको होता. मग अणुभट्ट्या आल्या. अणुभट्टीत युरेनियमच्या लहान लहान गोळ्या लांब नळ्यांत भरून पाण्यात ठेवतात. नळीची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. तिच्या आत प्रखर उष्णता आणि किरणोत्सर्गी द्रव्ये, बाहेर तापलेले पाणी. नळीने गंजता कामा नये, तडकता कामा नये, आणि शिवाय युरेनियममधून निघणारे न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण अडवताही कामा नये. न्यूट्रॉन अडले तर भट्टी पेटणारच नाही. या तिन्ही कसोट्यांना उतरलेला धातू म्हणजे झिर्कोनियम. अमेरिकेची नॉटिलस ही पहिली अणुपाणबुडी १९५४ साली पाण्यात उतरली. तिच्या आधी तिच्याच धर्तीची एक भट्टी जमिनीवर बांधून पाहिली होती. त्या भट्टीसाठी झिर्कोनियम तयार केले ते याच तापल्या तारेच्या पद्धतीने.

आपल्या महाराष्ट्रात हा धातू आला तो तारापूरला. तेव्हाच्या ठाणे आणि आजच्या पालघर जिल्ह्यातले हे वीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले. भारतातले ते पहिले अणुवीजकेंद्र. त्याच्या इंधनाच्या नळ्या झिर्कोनियममध्ये थोडे कथील वगैरे मिसळून केलेल्या झिरकॅलॉय या मिश्रधातूच्या. तिथे २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॅटच्या दोन मोठ्या भट्ट्या आणखी सुरू झाल्या, त्यांतही झिर्कोनियमच आहे.

पण इथे एक गुंता आहे, आणि मला तर या साऱ्या प्रकरणातला तोच भाग सर्वांत मोठा वाटतो. निसर्गात झिर्कोनियम एकटे सापडत नाही. त्याच्या खनिजात शंभर भागांमागे एक ते तीन भाग हाफ्नियम मिसळलेले असते. जुळी भावंडे म्हणा ना! रसायनाच्या दृष्टीने दोघे इतकी सारखी की क्लाप्रोटनंतर १३४ वर्षे कोणाच्या लक्षातच आले नाही की आत दुसरे कोणी आहे. १९२३ साली कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेसी यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने ते ओळखले आणि त्या शहराच्या हाफ्निया या लॅटिन नावावरून त्याचे नाव ठेवले. आता गंमत पाहा. झिर्कोनियम न्यूट्रॉनांना सहज वाट देते, आणि हाफ्नियम ते गिळते, तेही झिर्कोनियमच्या पाचशे पटींहून अधिक! पाणबुड्यांच्या भट्ट्यांत हाफ्नियमच्या कांब्या भट्टी विझवण्यासाठी वापरल्या गेल्या. म्हणजे भट्टी पेटती ठेवणाऱ्या नळीत भट्टी विझवणारा धातू दडून बसलेला.

आणि आपला निवडक नावाडी इथे फसतो. आयोडीन हाफ्नियमलाही तितक्याच प्रेमाने नावेत घेते आणि पलीकडे उतरवते. स्फटिकांची ती लखलखीत कांब प्राणवायूच्या दृष्टीने शुद्ध, पण हाफ्नियम तिच्यात जसेच्या तसे. तेव्हा शुद्ध म्हणजे कशापासून शुद्ध, हे आधी ठरवावे लागते. लोहाराच्या लेखी जो धातू निर्मळ, तो अणुभट्टीच्या लेखी बाटलेला असू शकतो. अणुभट्टीसाठी हाफ्नियम दहा हजारात एका भागापेक्षा कमी लागते.

ते वेगळे करायचे काम धातू होण्याच्या आधी, द्रावणातच करावे लागते. हे शास्त्र आपल्या देशात रुजवणाऱ्यांत डॉ. ब्रह्म प्रकाश यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईजवळच्या तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात, ज्याला १९६७ पासून भाभांचे नाव आहे, धातुविज्ञानाचा विभाग त्यांनी उभा केला. तिथल्या अनुभवावर हैदराबादला १९७१ साली अणुइंधनाचा कारखाना उभा राहिला. तिथे झिर्कॉनची वाळू कॉस्टिक सोड्यात भाजतात, नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि एका तेलकट द्रावकाने झिर्कोनियम ओढून घेऊन हाफ्नियम मागे ठेवतात. मग धातू करायला आयोडीन न वापरता क्लोरीन वापरतात. झिर्कोनियमच्या क्लोराइडची वाफ वितळलेल्या मॅग्नेशियमवर सोडली की धातूचा सच्छिद्र गोळा मिळतो. ही पद्धत लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांची. ती स्वस्त आणि झपाट्याची, म्हणून टनांच्या हिशेबाने धातू हवा तिथे तिने तापल्या तारेला मागे टाकले. तारेची पद्धत उरली आहे ती जिथे थोडाच पण अत्यंत निर्मळ धातू हवा असेल तिथे. पण दोन्हींत वाफ आहे, हे ध्यानात घ्या. धातू हवेत न उघडता वाफेवरून न्यायचा, हे तत्त्व दोघांचेही एकच.

एवढे करूनही हा धातू आपला मूळचा स्वभाव विसरत नाही. जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी भूकंप झाला, समुद्राची लाट आली आणि फुकुशिमाच्या भट्ट्यांना थंड पाणी पुरवणारी यंत्रणा बंद पडली. नळ्या तापत गेल्या. बाराशे अंशांच्या आसपास झिर्कोनियम पाण्याच्या वाफेतला प्राणवायू झपाट्याने ओढून घेऊ लागते आणि हायड्रोजन वायू मोकळा सोडते. १२ आणि १४ मार्चला तिथे जे स्फोट झाले आणि इमारतींची छपरे उडाली, ते या हायड्रोजनचे. तेव्हापासून जगभर या नळ्यांवर दुसऱ्या धातूचा पातळ लेप चढवण्याचे प्रयोग चालू आहेत.

आपल्या वाशीम जिल्ह्यात यातले काय आहे, असे कोणी विचारील. इथला खडक काळा, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. त्यात झिर्कॉनचा साठा नाही. पण शंभरात दोन-तीन भाग टायटॅनियमचे ऑक्साइड मात्र त्यात असते. अडाण किंवा अरुणावतीच्या पात्रातल्या कोरड्या वाळूतून मुलांना लोहचुंबक फिरवायला सांगा. जे काळे कण चिकटतील त्यांत लोखंडाबरोबर थोडे टायटॅनियम आहे. काढून विकण्याजोगे नव्हे, पण पाहण्याजोगे खरे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू याहून श्रीमंत, तिच्यात टायटॅनियमचे इल्मेनाइट हे खनिज आहे. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात टंगस्टनची खनिजे आढळली आहेत. झिर्कॉनची वाळू मात्र केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांची.

तरीपण तापल्या तारेवर उगवलेला एक पदार्थ आज आपल्या शेतांत उभा आहे. विहिरीच्या काठी सौरपंपाच्या ज्या निळ्या-काळ्या पाट्या दिसतात, त्या सिलिकॉनच्या. सिलिकॉन हा काही उच्चतापसह धातू नव्हे, खरे तर तो पुरता धातूही नव्हे. पण त्याचे शुद्धीकरण बहुतेक ठिकाणी याच वाटेने होते. अशुद्ध सिलिकॉनला क्लोरीनयुक्त आम्लवायूशी जोडून द्रव बनवतात, तो द्रव ऊर्ध्वपातनाने गाळतात, आणि मग त्याची वाफ हायड्रोजनबरोबर एका घंटेच्या आकाराच्या भांड्यात सोडतात. आत सिलिकॉनच्याच बारीक कांब्या उलट्या यू अक्षरासारख्या उभ्या असतात, विजेने सुमारे अकराशे अंशांपर्यंत तापलेल्या. त्यांच्यावर सिलिकॉन बसत जाते. काही दिवसांनी मनगटाहून जाड झालेल्या त्या कांब्या बाहेर काढून हातोड्याने फोडतात आणि ते तुकडे पुन्हा वितळवून त्यांचे गोळे करतात, त्या गोळ्यांचे तारेने पातळ काप करतात. सौरपंपाच्या पाटीवर काचेखाली जे चौकोन दिसतात, ते हे काप.